तलावाकाठच्या घराचा जमाखर्च
उदयपूरमध्ये स्थायिक होण्यापूर्वी काय पाहावे, काय पारखावे

महानगरातील गर्दी, धूर आणि रोजचा लोकलप्रवास यांना विटलेल्या माणसाच्या मनात एखाद्या निसर्गरम्य गावी जाऊन राहण्याचा विचार वारंवार डोकावतो. पूर्वी हा विचार निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्यांपुरता मर्यादित होता. २०२० नंतर घरी बसून काम करण्याची पद्धत रुळली आणि चाळिशीतील नोकरदारही तो गांभीर्याने करू लागले. अशा विचारात हमखास पुढे येणाऱ्या नावांत उदयपूरचे नाव वरचे आहे. अरवलीच्या कुशीतील तलाव, त्यांत प्रतिबिंबित होणारे राजवाडे, स्वच्छ आकाश आणि मुंबई-पुण्याच्या मानाने आटोपशीर विस्तार हे सारे तीन दिवसांच्या सहलीत भुरळ पाडते. मात्र पर्यटकाला शहराचे तीन दिवस पुरतात, रहिवाशाला बारा महिने काढावे लागतात. हा फरक ध्यानात न घेता महानगरातील राहते घर विकले, तर परतीची वाट बहुधा बंद होते. म्हणूनच या मोहाचा जमाखर्च आधी मांडून पाहणे इष्ट ठरते.

मानवनिर्मित सौंदर्य

उदयपूरचे तलाव ही निसर्गाची देणगी आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ते माणसाने बांधलेले जलसाठे होत. पिछोला तलाव चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने बांध घालून निर्माण केला, अशी परंपरा आहे. पुढे महाराणा उदयसिंह (दुसरे) यांनी १५५९च्या सुमारास येथे राजधानी वसविण्यास आरंभ केला व या तलावाचा विस्तार केला. चित्तोडचा किल्ला मैदानी प्रदेशातून येणाऱ्या मोठ्या सैन्यापुढे असुरक्षित ठरत होता. १५६८ मध्ये तो अकबराच्या हाती पडला आणि डोंगरांनी वेढलेल्या नव्या राजधानीची निवड किती दूरदृष्टीची होती, हे सिद्ध झाले. फतेहसागर तलाव मूळचा सतराव्या शतकातील. अतिवृष्टीत त्याचा बांध फुटल्यानंतर महाराणा फतेहसिंह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो नव्याने बांधला.

या तलावांची रचना साखळीसारखी आहे. सिसारमा नदीचे पाणी पिछोल्यात येते, तेथून ते स्वरूपसागरात व जोडकालव्याने फतेहसागरात जाते. मदार येथील तलावांचे पाणीही कालव्याने फतेहसागराला मिळते. हे तलाव भरून वाहू लागले की जादा पाणी आयड नदीतून उदयसागरात उतरते आणि पुढे बेडच, बनास, चंबळ, यमुना असा प्रवास करीत गंगेला मिळते. डोंगरउतारावर पडलेला थेंब एका तलावात साठावा, तेथून दुसऱ्यात जावा आणि वाटेत विहिरी व बारव जिवंत ठेवाव्यात, अशी ही योजना आहे. ती यंत्रांच्या युगापूर्वीची असूनही तिचे गणित अचूक आहे.

मात्र या योजनेचा सारा भार पावसावर आहे. उदयपूरला वर्षाकाठी सरासरी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या पावसाच्या एक तृतीयांशाहूनही हे प्रमाण कमी आहे. त्यातही बहुतांश पाऊस जुलै व ऑगस्ट या दोन महिन्यांत कोसळतो. साहजिकच एखाद-दुसरे वर्ष कोरडे गेले की तलावांची पातळी झपाट्याने खालावते. विद्यमान शतकाच्या आरंभी सलग अवर्षणाची वर्षे आली, तेव्हा पिछोल्याचा तळ उघडा पडला होता. ज्या पाण्यात नौका चालत, तेथे मुले क्रिकेट खेळत होती आणि तलावाच्या मधोमध उभ्या असलेल्या जगनिवास महालापर्यंत जमिनीवरून जाता येत होते. २००६च्या पावसाळ्यापर्यंत तलाव पुन्हा भरले. परंतु खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यासाठी ज्याने घराची जादा किंमत मोजायची आहे, त्याने ते पाणी कायमचे नाही, हे सत्य प्रथम नोंदवून ठेवले पाहिजे.

जमेची बाजू

असे असले तरी उदयपूरच्या जमेच्या बाजूला पुष्कळ काही आहे. पहिली गोष्ट आकाराची. २००१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८९ हजारांच्या आसपास होती, ती २०११ मध्ये ४ लाख ५१ हजारांवर गेली. त्यानंतर शहर आणखी विस्तारले असले, तरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्यास दोन तास लागण्याची वेळ येथे येत नाही. दिवसाकाठी वाचणारे हे तास हाच अनेक स्थलांतरितांच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ ठरतो.

दुसरी गोष्ट हवामानाची. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची आणि भोवतालच्या टेकड्या यांमुळे पश्चिम राजस्थानातील वाळवंटी उष्मा येथे काहीसा सौम्य होतो. ऑक्टोबर ते मार्च हा काळ सुखद असतो. जानेवारीत किमान तापमान दहा अंशांच्या खाली उतरते, हे मुंबईकराला नवलाचे वाटेल. तथापि मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात, हेही विसरता कामा नये. हवा निरभ्र असण्याचे प्रमाण इतके आहे, की १९७०च्या दशकात फतेहसागरातील एका बेटावर सौर वेधशाळा उभारण्यात आली. सभोवार पाणी असल्याने जमीन तापून हवेत उठणाऱ्या लहरी तेथे कमी असतात आणि सूर्यबिंबाचे निरीक्षण स्थिरपणे करता येते. तलावाचा असाही एक उपयोग आहे.

तिसरी बाजू संस्थांची. मोहनलाल सुखाडिया विद्यापीठ, महाराणा प्रताप कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठ, रवींद्रनाथ टागोर वैद्यकीय महाविद्यालय आणि २०११ मध्ये सुरू झालेली भारतीय व्यवस्थापन संस्था यांमुळे शहराला शैक्षणिक अधिष्ठान लाभले आहे. डॉ. मोहनसिंह मेहता यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेली विद्याभवन ही शाळा व पुढे त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिलेली सेवा मंदिर ही संस्था यांनी येथे स्वयंसेवी कार्याची भक्कम परंपरा निर्माण केली. निवृत्तीनंतर वेळ सत्कारणी लावू इच्छिणाऱ्यास अशा शहरात काम शोधत फिरावे लागत नाही.

दळणवळणाची स्थितीही सुधारली आहे. मुंबईहून अहमदाबादमार्गे दिल्लीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग उदयपूरवरूनच जातो. डबोक येथील विमानतळ शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. अहमदाबादकडील जुना मीटरगेज लोहमार्ग रुंद करून ऑक्टोबर २०२२ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि गुजरातशी असलेला रेल्वेसंपर्क पुन्हा प्रस्थापित झाला.

मराठी माणसाला या भूमीशी जुने नातेही सांगता येईल. शिवछत्रपतींच्या घराण्याची वंशपरंपरा मेवाडच्या सिसोदिया कुळाशी जोडली जाते. शहराच्या कडेला असलेल्या आहाड येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे मोठे उत्खनन १९६०च्या दशकाच्या प्रारंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. मात्र याच इतिहासाचे दुसरे पानही आहे. १७६९ मध्ये महादजी शिंदे यांच्या सैन्याने उदयपूरला वेढा घातला होता. शिंदे-होळकरांच्या खंडणीने मेवाड पुढील काळात जर्जर झाला, ही आठवण तेथील इतिहासग्रंथांत ठळक आहे. शेजार जोडताना ही दोन्ही पाने ठाऊक असलेली बरी.

खर्चाची बाजू

खर्चाच्या रकान्यात पहिली नोंद पाण्याचीच करावी लागते. शहर केवळ डोळ्यांसमोरच्या तलावांवर जगत नाही. सुमारे पन्नास किलोमीटरवरील जयसमंद आणि मानसी-वाकल धरण येथूनही पाणी आणले जाते. देवास योजनेखाली साबरमतीच्या खोऱ्याकडे वाहून जाणारे पाणी बोगद्याद्वारे पिछोल्याकडे वळविण्यात आले आहे. या योजनांमुळे तलाव कोरडे पडण्याचा धोका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. परंतु जेथून पाणी वळविले जाते तेथील गावांनाही ते हवे असते आणि अवर्षण आले की ते एकाच वेळी दोन्ही खोऱ्यांत येऊ शकते. म्हणून घर पाहताना सज्जातून काय दिसते याआधी नळाला पाणी किती दिवसांआड व किती वेळ येते, इमारतीची कूपनलिका उन्हाळ्यात टिकते काय आणि टँकरचा मासिक खर्च किती, हे विचारावे. ही माहिती दलालापेक्षा शेजारच्या किराणा दुकानदाराकडून अधिक खरी मिळते.

दुसरी नोंद प्रदूषणाची. तलावांच्या काठी दाट वस्ती व हॉटेले वाढली आणि सांडपाण्याचा भार पाण्यावर पडला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत पिछोला व फतेहसागर यांचा समावेश झाल्यानंतर मलवाहिन्या टाकण्याची कामे झाली. जानेवारी २०२५ मध्ये रामसर कराराखाली ‘पाणथळ शहर’ म्हणून मान्यता मिळालेल्या पहिल्या दोन भारतीय शहरांत इंदूरसह उदयपूरचा समावेश झाला. हा गौरव रास्तच आहे. मात्र अशी मान्यता म्हणजे काम पूर्ण झाल्याचा दाखला नव्हे. ती पाणथळ जागा राखण्याची जबाबदारी असते, आणि आयड नदीच्या पात्राची अवस्था पाहिली म्हणजे ती किती मोठी आहे, हे कळते.

उद्योगांच्या खुणाही शहराभोवती आहेत. जस्ताच्या खाणी व शुद्धीकरण, संगमरवराच्या खाणी आणि त्यांतून निघणारा पांढरा गाळ यांवर या भागाचे अर्थकारण बऱ्याच अंशी उभे आहे. शहरापासून जवळच असलेल्या बिछडी गावातील विहिरी १९८०च्या दशकाच्या अखेरीस रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित झाल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात दिलेला निर्णय ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ या तत्त्वाचा पाया म्हणून देशभर उद्धृत केला जातो. निर्णय झाला तरी गावाचे पाणी निर्णयाने शुद्ध होत नाही. त्यामुळे शहराबाहेर स्वस्तात मिळणारा भूखंड घेण्याचा विचार असल्यास तेथील भूजलाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे हा खर्च नव्हे, विमाच होय.

तिसरी नोंद पर्यटनाची. जगनिवास महालाचे रूपांतर १९६०च्या दशकात हॉटेलात झाले, तेव्हापासून पर्यटन हा शहराचा प्रमुख व्यवसाय बनत गेला. आता त्यात श्रीमंतांच्या विवाहसोहळ्यांची भर पडली आहे. ज्या महिन्यांत हवा सुखद असते, नेमक्या त्याच महिन्यांत जुन्या शहरातील अरुंद गल्ल्या वाहनांनी तुंबतात, रिक्षाचे भाडे चढते आणि तलावाकाठी रात्री उशिरापर्यंत वाद्यांचा आवाज घुमतो. पर्यटकाला जो उत्सव वाटतो, तो रहिवाशाला दर हिवाळ्यात सोसावा लागतो. शांततेच्या शोधात निघालेल्याने जगदीश मंदिराच्या परिसरात घर न घेता तलावापासून थोडे दूर, नव्या वस्तीत घेणे श्रेयस्कर ठरते. म्हणजेच ज्या दृश्यासाठी यायचे, त्यापासून दूर राहण्याची तयारी ठेवावी लागते.

चौथी नोंद उपजीविकेची. पर्यटन, खाणकाम, शिक्षण आणि सरकारी सेवा ही येथील रोजगाराची मुख्य क्षेत्रे. संगणक वा वित्तक्षेत्रातील माणसाची नोकरी दूरस्थ असेल तोवर ठीक. कंपनीने कार्यालयात परत बोलावले अथवा नोकरी गेली, तर दुसरी संधी शहरातच मिळेल याची शाश्वती नाही. दांपत्यापैकी दोघेही कमावते असतील, तर हा प्रश्न दोनदा विचारावा लागतो.

पाचवी नोंद प्रकृतीची. शहरात मोठे शासकीय रुग्णालय आहे, खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयेही आहेत. नित्याच्या आजारांसाठी ही व्यवस्था पुरेशी आहे. परंतु गुंतागुंतीच्या विकारांसाठी आजही अनेक कुटुंबे अडीचशे किलोमीटरवरील अहमदाबाद गाठतात. साठाव्या वर्षी स्थलांतराचा निर्णय घेणाऱ्याने पंचाहत्तराव्या वर्षीचे स्वतःचे चित्र डोळ्यांसमोर आणले पाहिजे. तेव्हा मोटार चालविणे कदाचित थांबलेले असेल, जोडीदाराची सोबत असेलच असे नाही आणि मुले मुंबईत किंवा परदेशात असतील.

कायद्याच्या कलमांत

घर किंवा जमीन खरेदी करताना राजस्थानातील कायदे नीट समजून घ्यावे लागतात. उदयपूर जिल्ह्यात भिल्ल, मीणा, गरासिया या आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. राजस्थान कूळकायद्याच्या ४२व्या कलमानुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीची शेतजमीन बिगर-आदिवासी व्यक्तीस विकता येत नाही. कोणाच्या तरी नावे व्यवहार करून देण्याचे आमिष दाखविणारे भेटतात. असा व्यवहार कायद्याने टिकत नाही आणि त्यात मूळ मालकाचीही लूट असते. शेतजमिनीवर घर बांधण्यापूर्वी तिचे रीतसर बिगरशेती रूपांतर झालेले असणे आवश्यक आहे. तलावांभोवतीच्या क्षेत्रात बांधकामावर निर्बंध आहेत आणि राजस्थान सरोवर संरक्षण व विकास प्राधिकरणाचा कायदा २०१५ पासून अस्तित्वात आहे. ‘तलावदर्शन’ अशी जाहिरात करणाऱ्या इमारतीची परवानगी कोणत्या वर्षीची व कोणत्या अटींवरची आहे, हे स्थानिक वकिलाकरवी तपासल्याशिवाय विसार देऊ नये.

माणसांचे शहर

या साऱ्याहून मोठा आणि हिशेबात सहसा न धरला जाणारा भाग म्हणजे माणसांचा. हिंदीवर काम भागते, पण बाजारात, देवळात आणि शेजाऱ्यांच्या ओट्यावर मेवाडी बोलली जाते. गणगौर घाटावरील सोहळा किंवा हरियाली अमावास्येची जत्रा पाहायला जाणे वेगळे आणि त्यात सामील होणे वेगळे. तीस वर्षे एकाच सोसायटीत काढलेल्यांना दुधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सारे नावाने ओळखत असतात. नव्या गावी ही ओळख शून्यापासून उभी करावी लागते. मराठी वृत्तपत्र सकाळी दारात पडत नाही, गणेशोत्सवाची वर्गणी मागायला कोणी येत नाही, नाटकाच्या प्रयोगाला उठून जाता येत नाही. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण दुसऱ्या वर्षी नेमक्या त्याच खुपू लागतात.

शहराची सामाजिक वीणही नेहमी सुरळीत राहिली आहे, असे नाही. जून २०२२ मधील एका शिंप्याच्या निर्घृण हत्येनंतर आणि ऑगस्ट २०२४ मधील शाळकरी मुलावरील चाकूहल्ल्यानंतर येथे तणाव निर्माण झाला, संचारबंदी वा जमावबंदी लागू झाली आणि इंटरनेट सेवा खंडित करण्यात आली. अशा घटना महानगरांतही घडतात. मात्र ज्याची सारी कमाई इंटरनेटच्या तारेवर अवलंबून आहे, त्याने हाही धोका हिशेबात धरावा.

कोणी जावे, कोणी थांबावे

दोन्ही रकाने समोर ठेवले, की उत्तर सर्वांसाठी एकच असू शकत नाही, हे स्पष्ट होते. निवृत्तिवेतन वा भाड्याचे स्थिर उत्पन्न असलेले, प्रकृतीने धडधाकट, नव्या माणसांत मिसळण्याची हौस असलेले आणि वर्षातून तीन-चार वेळा प्रवास करण्यास तयार असलेले दांपत्य येथे सुखाने राहू शकेल. लहान मुलांच्या पालकांना मोकळे आकाश व वाचलेला वेळ ही मोठी कमाई वाटेल. याउलट जुनाट व्याधी असलेल्यांनी, ज्यांचे वृद्ध आईवडील महाराष्ट्रात एकटे आहेत अशांनी आणि केवळ महानगराचा वैताग हेच ज्यांच्या निर्णयाचे कारण आहे त्यांनी थांबणे बरे. वैताग बरोबर सामान बांधून येतो. तलाव त्याला धुऊन काढत नाही.

निर्णयाची कसोटी घेण्याचा एक मार्ग साधा आहे. राहते घर विकू नये, भाड्याने द्यावे आणि उदयपुरात भाड्यानेच एक पूर्ण वर्ष काढावे. आरंभ नोव्हेंबरात न करता एप्रिलमध्ये करावा. तापलेला मे, पाऊस लांबला तर घामेजलेला जून, भरून वाहणारा ऑगस्ट आणि पर्यटकांनी गजबजलेला डिसेंबर असे चारही ऋतू अनुभवावेत. त्या वर्षात एकदा तरी आजारी पडून डॉक्टर शोधावा लागेल, नळ दुरुस्त करणारा मिळवावा लागेल, एखाद्या सरकारी कार्यालयात खेटे घालावे लागतील. या प्रसंगांतून शहर जसे कळते, तसे ते नौकाविहारातून कळत नाही. वर्षअखेरीस मन रमले, तर घर घेण्यास उशीर झालेला नसतो. न रमले, तर परतण्यासाठी घर शिल्लक असते.

आणखी एक प्रश्न मात्र प्रत्येक इच्छुकाने स्वतःला विचारावयास हवा. तलावाकाठी येणारे प्रत्येक नवे कुटुंब त्याच तलावातून पाणी उचलते आणि त्याच खोऱ्यात सांडपाणी सोडते. टेकडी कापून उभारलेली प्रत्येक इमारत पाण्याच्या येण्याच्या वाटेवर उभी राहते. ज्या सौंदर्याच्या ओढीने माणसे येतात, ते त्यांच्याच येण्याने झिजते, हा अनुभव महाबळेश्वर-लोणावळ्याने महाराष्ट्राला पुरेसा दिलेला आहे. बांध घालणाऱ्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी पाणी साठविले, म्हणून आज त्यात राजवाड्याचे प्रतिबिंब पडते. तेथे जाऊन राहणाऱ्याने छतावरचे पाणी जमिनीत मुरवावे, टेकडीवरचा भूखंड नाकारावा आणि स्थानिक तलावरक्षण कार्यात हात लावावा. इतके करण्याची तयारी असेल, तर जमाखर्चाच्या अखेरीस काही शिल्लक उरेल, आणि ती त्या कुटुंबाबरोबरच शहराच्याही खात्यात जमा होईल.